पाय मोकळे करण्याचा इतिहास

लासूर स्टेशन. ज्या वस्तीच्या नावातच ‘स्टेशन’ आहे, तिथून हा धागा सुरू करणे योग्य ठरेल. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यातून मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग तयार झाला. अंतर सुमारे ६०० किलोमीटर. बैलगाडीच्या प्रवासात चढ आला की उतरून चालावे लागे. आगगाडीने माणसाला तासन्‌तास एकाच बाकावर बसवले. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीसाठी थांबा मिळाला, की उतारू फलाटावर ‘पाय मोकळे’ करीत. हा वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण अचूक आहे.

पायांतील रक्ताला हृदयाकडे वर चढावे लागते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आतल्या शिरा दाबतात, शिरांतील झडपा ते रक्त मागे येऊ देत नाहीत. माणूस निश्चल झाला की हा पंप थांबतो, रक्त साकळते, कधी गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर मृत्यू ओढवू शकतो. फुप्फुसातील गुठळी बहुधा दुरून, शिरांमधून वाहत येते, हे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो याने १८४६ ते १८५६ या दशकात दाखवले. मंदावलेला प्रवाह, दुखावलेली शिरेची भिंत आणि रक्ताचा गोठण्याकडे वाढलेला कल, हे कारणांचे त्रिकूट पुढे त्याच्याच नावे रूढ झाले.

त्याआधी युरोपात बाळंतिणीचा पाय सुजला तर ‘दूध पायात उतरले’ असे मानीत! हसण्यापूर्वी आपल्या घरांत डोकवावे. बाळंतपण आणि त्यानंतरचे सहा आठवडे हा गुठळीचा खरोखरच धोक्याचा काळ. आणि नेमक्या याच काळात ‘बाजेवरून उठू नकोस’ हा आपला प्रेमळ हुकूम असतो.

सर्वांत बोलका पुरावा युद्धातला आहे. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते आणि लोक तळघरांत आरामखुर्च्यांवर रात्री काढीत होते. न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्पसन यांना आढळले, की फुप्फुसातील गुठळीने होणारे मृत्यू आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे सहापट झाले आहेत. खुर्चीची लाकडी कड मांडीखाली शिरा दाबत होती. आसरा घ्यायला आलेली माणसे बसल्याजागी मरत होती. सिम्पसन यांचा उपाय साधा होता: खुर्च्या काढा, आडवे होण्यासाठी फळ्यांचे पलंग द्या. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर चालते करण्याची पद्धतही याच दशकात रुजली. त्यापूर्वी दीर्घ विश्रांती हाच उपचार समजला जाई.

औषधांची कथा स्वतंत्र धाग्याची आहे. येथे एवढेच, की सुश्रुतसंहितेत जळवांचे बारा प्रकार, सहा विषारी व सहा निर्विष, वर्णिले आहेत. जळवेच्या स्रावातील रक्त न गोठू देणारा गुण जॉन हेक्राफ्टने १८८४ मध्ये ओळखला. वॉरफरिन तर १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि काही वर्षांतच माणसाचे औषध झाले.

आजही मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत किंवा पुण्याच्या रात्रबसमध्ये पोटऱ्या तशाच थांबतात. तास-दोन तासांनी उठावे; जागा नसेल तर टाचा-चवडे हलवावेत, पाणी टाळू नये. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर आजीच्या तेलाची वाटी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. चोळल्याने गुठळी सुटू शकते. सोबत धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर त्याच क्षणी रुग्णालय.