बसऱ्याची पेटी

आमच्या साताऱ्याकडच्या घरात माजघराच्या भिंतीला लागून एक काळी पत्र्याची पेटी आहे. लांबी हातभर आणि वर वीतभर. कडी-कोयंडा मूळचाच आहे, एक मूठ गेली म्हणून तिथं सुतळी ओवलेली आहे. घरात तिला ‘बसऱ्याची पेटी’ म्हणतात. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढले, सुटून परत आले, येताना ही पेटी घेऊन आले आणि वर्षभरात १९१८च्या एन्फ्लुएंझाच्या साथीत वारले, अशी कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. एवढंच नव्हे, बारा वर्षांपूर्वी गावच्या एका स्मरणिकेत मी ती छापूनही टाकली. हा लेख म्हणजे त्या लेखाची दुरुस्ती आहे.

संशय पेटीनंच निर्माण केला. झाकणावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं आहेत. पुसट झाल्यानं ती मी कधी नीट वाचलीच नव्हती. एकदा तिरप्या उन्हात पेटी अंगणात काढली, तेव्हा एक चार आकडी नंबर आणि त्याखाली ‘पाच, तिरपी रेघ, पाच, एम. एल. आय.’ असं लागलं. म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी पलटण. आता अडचण अशी, की या नावाची रेजिमेंट १९१८ साली अस्तित्वातच नव्हती. युद्धानंतर हिंदी लष्कराची फेररचना झाली. १९२२ साली १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या जुन्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आणून त्यांना एक ते पाच असे क्रम दिले. ११४वी दहावी ठरली आणि बेळगावला प्रशिक्षणासाठी राहिली. तेव्हा १९१८ साली वारलेल्या माणसाच्या पेटीवर हे नाव यायला कुणीतरी ते नंतर रंगवलेलं असलं पाहिजे, नाहीतर पेटी त्या माणसाची नसली पाहिजे.

पणजोबा ११७व्या पलटणीत होते, एवढं घरात पक्कं माहीत होतं. ही पलटण सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होती. जनरल टाउनशेंड हे डिव्हिजन घेऊन बगदादच्या रोखानं निघाले. नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफॉनला त्यांची गती खुंटली आणि माघार घेऊन ते कुत-अल-अमाराला आले. ७ डिसेंबरपासून तुर्की वेढा पडला. घोडे कापून खायची वेळ आली. बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारलं आणि ते आणखी खंगले. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, अनेकांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. अनेक जण परतलेच नाहीत.

पणजोबा परतले होते का?

इथं मला कागदांच्या आधी अमावास्येनं उत्तर दिलं. साथीत घरात वारलेल्या माणसाची तिथी घराला माहीत असते. आमच्याकडे पणजोबांचं श्राद्ध कायम सर्वपित्रीला होत आलं आहे. ज्याच्या मृत्यूची तिथी माहीत नाही, त्याचं पान त्या दिवशी वाढतात. पन्नास वर्षं मी ते पान वाढलेलं पाहिलं आणि ते जेवून उठलो, पण हा प्रश्न मला पडला नाही. स्वतःला संशोधक म्हणवणाऱ्यानं हे लिहिताना मान खाली घालावी.

नंतरचा शोध रटाळ होता, तो थोडक्यात सांगतो. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांवर मृतांची नोंद आहे, पण हिंदी शिपायांची नावं तिथं कोरलीच नाहीत. नावं अधिकाऱ्यांची आणि शिपायांचा पलटणीगणिक फक्त आकडा. आपल्याकडच्या गावांत सरकारनं बसवलेल्या संगमरवरी पाट्यांवरही तेच असतं : या गावातून अमुक माणसं गेली, पैकी तमुक कामी आली. अपशिंगे गावाचा आकडा शेहेचाळीस आहे. नावं असतात नोंदवह्यांत. तिथं ११७व्या पलटणीखाली पणजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आमचं गाव सगळं सापडलं. पेटीवरचा नंबर मात्र वेगळा.

तो नंबर निघाला आमच्या भाऊबंदांच्या घरात, एका डिस्चार्जच्या कागदावर. कागद पणजोबांच्या धाकट्या भावाचा, ज्यांना घरात धाकले आबा म्हणत. थोरला गेला त्याच पलटणीत हा पुढं भरती झाला. ११७वीचीच आता पाचवी झाली होती. पेन्शनीत आल्यावर त्यांनी पेटी वहिनीला दिली. माझे वडील आणि चुलते ज्या पोरवयाचे होते, त्यांनी पणजीच्या उशाशी पेटी पाहिली आणि ती पणजोबांचीच समजली.

मग पणजी खोटं बोलली का? माझे चुलते या प्रश्नावर माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. शेवटी ऐंशी ओलांडलेल्या आत्याकडं गेलो. तिला पणजीचे शब्द पाठ होते : “ही ह्येंच्या पल्टणीची प्येटी हाय.” ह्यांची नव्हे, ह्यांच्या पलटणीची. ते अक्षरशः खरं होतं. मधला शब्द आम्ही गाळला आणि पेटी बसऱ्याहून आणायची म्हणून माणसालाही परत आणला. साथ तर त्या वर्षी घरोघरी होती, मरण जोडून द्यायला ती सोयीची पडली.

पेटीत पणजीचं एक इरकली लुगडं, जमिनीचे दोन कागद आणि वारसा पेन्शनचा एक फाटका तुकडा आहे. म्हणजे सरकारदरबारी ती कुणाची विधवा आहे, हे तिला ठाऊक होतं. कैदेतला नवरा कुठं, कसा गेला, हे मात्र तिला कुणी सांगितलं असेल, असं वाटत नाही.

नोंदवहीत तारीख दिली आहे. चुलत्यांनी पंचांग काढून तिथी बघितली आणि विचारलं, “मग आता श्राद्ध या तिथीला करायचं का?” कैद्यांच्या बाबतीत अशा तारखा पुष्कळदा कचेरीनं फाइल बंद करण्यासाठी घातलेल्या असत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी पंचांग मिटलं. यंदाही पान सर्वपित्रीलाच वाढलं. आत्यानं तेवढं सांगितलं, की शेजारी एक पान धाकल्या आबांचंही वाढा.