तळटीप : प्रोसेसरचा वेग कोण ठरवतो

१२. लेखक येथे ज्याला 'गव्हर्नर' म्हणतो, तो लिनक्स कर्नेलमधला प्रोसेसरचा वेग ठरवणारा भाग. वेग उतरला की व्होल्टेजही उतरवता येते. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने खरी बचत तिथेच होते. लेखकाचे वर्णन 'ऑनडिमांड' या २००४ पासूनच्या गव्हर्नरच्या जुन्या रचनेला धरून आहे. प्रोसेसर किती वेळ रिकामा बसला हे तो ठरावीक काळाने मोजत असे. त्यासाठी प्रत्येक प्रोसेसरमागे टायमर आणि दोन मोजण्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून कुलपे, असा बराच पसारा होता.

२०१६ साली, कर्नेलच्या ४.६ आवृत्तीत, हे टायमर गेले. कोणते काम केव्हा चालवायचे हे ठरवणारा कर्नेलचा भाग, म्हणजे शेड्युलर, भाराचा हिशेब करतो तेव्हाच आता तो गव्हर्नरला हाक देतो. त्याच वर्षी ४.७ मध्ये आलेला 'शेडयुटिल' तर स्वतः काही मोजतच नाही. शेड्युलरने काढलेला भार घ्यायचा आणि त्यावर २५ टक्के वाढवून वेग मागायचा, एवढेच त्याचे मूळ सूत्र. कमाल वेग २००० मेगाहर्ट्झ आणि भार निम्मा असेल, तर मागणी १२५० मेगाहर्ट्झची. भार ८० टक्क्यांवर पोचला की थेट पूर्ण वेगाची. हे सूत्र कागदावर पडताळता येते, आणि माझ्या मते या बदलाचे मोल कोडच्या कमी झालेल्या ओळींपेक्षा यात अधिक आहे. 'ऑनडिमांड' मात्र कर्नेलमधून काढलेला नाही. हवा असल्यास आजही निवडता येतो.

— संपादक