गवा कोणाचा? नानांची दुनळी, शिकार कंपन्या आणि एक राहून गेलेला प्रश्न

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेची आठवीची सहल बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेली होती. कान्हेरीच्या पायऱ्यांवर बसून मुलं डबे खात होती. मी सहज सांगितलं, की याच जंगलात, विहार तलावाच्या बाजूला, १९२९ साली वाघ मारला गेल्याची नोंद आहे. एका मुलाने घास तोंडात तसाच ठेवून विचारलं, "टीचर, त्याला परमिशन होती का?" दुसरा लगेच म्हणाला, "जंगल काय त्याच्या बापाचं होतं?"

मुलं हसली, मीही हसले. पण बसमध्ये मुलुंडपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण हाच प्रश्न माझ्या नानांनी मरेपर्यंत विचारला होता. वाघाबद्दल नव्हे, गव्याबद्दल.

माझी अम्मी चांद्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूरची. लग्न होऊन ती अंधेरीला आली. नाना लाकडाच्या डेपोवर मुनीम होते. घरात बारा बोअरची दुनळी बंदूक होती, तिचा परवाना होता आणि नानांना शिकारीचा शौक होता. पुढे बंदूक जमा केली, पण कागद राहिले. अम्मीच्या ट्रंकेत अजूनही त्यांच्या अर्जांच्या नकला आहेत. वन खात्याला लिहिलेले, इंग्रजीत, सुरेख अक्षरात. बहुतेकांचं उत्तर एकच: ब्लॉक आधीच दिला गेला आहे.

हा 'ब्लॉक' काय होता, ते आजच्या वाचकाला सांगावं लागेल. १८७८ साली इंग्रजांनी दोन कायदे केले, एक जंगलाचा आणि एक हत्यारांचा. एकाने राखीव जंगल सरकारचं झालं, दुसऱ्याने बंदूक परवान्याची झाली. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणारा गोंड, कोलाम किंवा पारधी एकाच वर्षात दोन्हीकडून बाहेर पडला. फासेपारध्यांवर तर गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्काही बसला, तो १९५२ साली उतरला. तोही कागदावर. शिकार मात्र बंद झाली नाही, तिची फक्त फाइल तयार झाली. राखीव जंगलाचे शिकारीसाठी तुकडे पाडले गेले. एक ब्लॉक ठरावीक दिवस एकाच परवानाधारकाला मिळे. किती जनावरं मारायची, कोणती मारायची, कोणत्या महिन्यांत जायचंच नाही, सगळं ठरलेलं. फी भरा, अर्ज करा, नंबर लागला की जा.

कागदावर ही पद्धत न्याय्य होती. सरकारी जंगल, म्हणजे सगळ्यांचं जंगल. कलेक्टरचा अर्ज आणि मुनिमाचा अर्ज एकाच टेबलावर. नानांचा यावर खरंच विश्वास होता. ब्लॉक मिळाला की पंधरवड्याची रजा टाकत, दोन मित्र घेत आणि बैलगाडीने निघत.

मग कंपन्या आल्या.

१९५० च्या दशकात मध्य भारतात शिकार हा रीतसर धंदा झाला. नागपूरची ॲल्विन कूपर ही त्यातली सर्वांत गाजलेली कंपनी. ती विद्याचरण शुक्ल चालवत, जे पुढे केंद्रात मंत्री झाले आणि आणीबाणीतले माहिती मंत्री म्हणून देशाला माहीत झाले. जॅक डेंटन स्कॉट या अमेरिकन लेखकाचं १९५९ चं 'फॉरेस्ट्स ऑफ द नाइट' हे पुस्तक याच कंपनीबरोबर केलेल्या शिकारीवर आहे. अशा कंपन्यांचं गिऱ्हाईक मुख्यतः परदेशी. तंबू, खानसामा, जीप, मचाण, हाकारे, शिवाय सोबत कंपनीचा पगारी शिकारी. साहेबाने फक्त घोडा दाबायचा. देशाला तेव्हा परकीय चलनाची निकड होती, आणि हा पाहुणा डॉलर घेऊन येत होता.

नानांच्या जिल्ह्यातही अशी एक कंपनी आली. कोणती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. इतकंच म्हणायचे, "बेटा, हमारा नंबर फिर लगाच नहीं." चांगले ब्लॉक मोसमाच्या आधीच लागलेले असत. चांदा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. नानांच्या अर्जांवरचं राज्याचं नाव दोनदा बदललं. उत्तर बदललं नाही.

भांडण नुसतं नंबराचं नव्हतं. गवा हे जनावरच असं, की त्याच्यावरून माणसांचे स्वभाव कळतात. इंग्रजांनी त्याला बायसन म्हटलं, ते चूक. बायसन अमेरिकेत आणि युरोपात. आपला गवा गाईबैलांच्या कुळातला. थोराड नर हजार किलोपर्यंत भरतो, खांद्याला सहा फुटांना टेकतो, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. कंपनीच्या पाहुण्याला त्याचं डोकं हवं असे. शिंगांचा पसारा टेपने मोजायचा, डोकं मिठात घालून पेटीत भरायचं, की काम झालं. नानांना मांस हवं असे. गोळीनंतर जनावर जिवंत असेपर्यंत पोहोचून जबह करता आलं, तरच ते आमच्या घरी यायचं. म्हणून नाना गोळी झाडली की सुरी घेऊन पळत. जखमी गव्याकडे धावत जाणं हा वेडेपणाच, पण नियम तो नियम. गावातले काही लोक गव्याला गाईचा भाऊ मानत आणि शिवत नसत. बाकीच्यांना वाटा मिळे.

यामुळे नानांना वाटे, की खरे शिकारी आम्ही आणि कंपनीवाले दुकानदार. कंपनीच्या शिकाऱ्याला वाटे, की हे गावठी हौशी लोक माझा ब्लॉक उठवतात. शेजारच्या ब्लॉकमध्ये आदल्या रात्री बार झाला, की कळप दहा मैल सरकतो, आणि सकाळी पाहुण्याला रिकाम्या रानात बसवावं लागतं. पैसे घेतलेत, तेव्हा जनावर दाखवावंच लागतं. दोघांच्या जागी उभं राहिलं तर दोघांचंही पटतं.

हा वाद एकट्या चांद्याचा नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात हेन्री पर्वतात बायसनचा एक मोकळा कळप आहे. १९४१ साली यलोस्टोनहून १८ जनावरं आणून तो सुरू झाला. जमीन बहुतांश सरकारी, आणि शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो. कुणी स्वतःच्या पायांवर जातो, कुणी पैसे मोजून वाटाड्या घेतो. मग एकाच माळावर, एकाच कळपाभोवती दोघे समोरासमोर येतात. ज्या देशाने एकोणिसाव्या शतकात कोट्यवधी बायसन मारून मूठभर उरवले, तिथे आज सोडत आहे, नियम आहेत, आणि तरी भांडण तेच. सगळ्यांची म्हटलेली जमीन पैसेवाल्याला थोडी जास्त मोकळी असते.

इथपर्यंतची गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती आणि त्यात नाना बरोबर होते. उरलेली गोष्ट नानांनीच सांगितली, खूप उशिरा. मी बी.एड. करत होते आणि सुट्टीत चांद्याला गेले होते, तेव्हा.

नानांचा माग काढणारा एक गोंड म्हातारा होता. चिखलातल्या खुराकडे बघून तो सांगे, की नर आहे की मादी, पहाटे गेला की रात्री. वीस वर्षं तो नानांबरोबर हिंडला. कंपनीने त्याला रोजंदारीवर घेतलं आणि तो गेला. नाना भडकले. बाजाराच्या दिवशी गाठून म्हणाले, "माझं मीठ विसरलास?" तो म्हणाला, "मालक, तुम्ही मांस देता, ते पैसे देतात. परवाना तुम्ही दोघं काढता. मला कधी कोणी विचारलं का, तुला पाहिजे का म्हणून?"

नाना सांगताना थांबले. मग म्हणाले, की याला जवाब नव्हता.

आणि त्याच सुट्टीत त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. ब्लॉक मिळेनासा झाला, तेव्हा त्यांनी एका ओळखीच्या शेतकऱ्याची जीप घेतली. त्या काळात 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेत पीक राखायला बंदुकांचे परवाने सढळ हाताने वाटले गेले होते. त्या बंदुका रात्री जीपच्या दिव्यांत, पिकापासून फार लांब चालत. त्या रात्री उजेडात डोळे चमकले आणि नानांनी बार टाकला. जवळ गेल्यावर दिसलं, गाय होती, म्हणजे गव्याची मादी. तिला मारायला कायद्याने बंदी होती. सुरी फिरवायच्या आधीच ती गेली होती, म्हणजे मांसही उपयोगाचं नाही. पिल्लू दिव्यांच्या कडेला उभं होतं. हलत नव्हतं. त्यांनी गाय नाल्यात लोटली, वर पाला टाकला आणि परत आले. नंतर नानांनी बंदूक उचलली नाही. बायको-मुलांना कारण सांगितलं, की काडतुसं महाग झाली.

मुसलमानांच्या शिकारीबद्दल आपण दोन टोकाच्या गोष्टी ऐकतो. बाहेरचे म्हणतात, यांना मारायचीच हौस. आपले म्हणतात, नवाबी शान होती ती. इतिहासात तिसरी गोष्टही आहे. सालिम अली खेतवाडीत मामांकडे वाढले. छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि हिला खाणं जायज आहे का, अशी शंका त्या पोराला आली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी. त्यांनी भाच्याला १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. हलाल-हरामच्या त्या शंकेतून देशाला पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. त्यांच्याबरोबर आपल्या साष्टीच्या पक्ष्यांची यादी करणारे हुमायून अब्दुलअली हेही बंदूक जाणणारे गृहस्थ. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात होता. मारण्याची हद्द ठरवण्याचं काम, मारणं ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी केलं. आपल्या दीनमध्येही एहरामात शिकार मना आहे आणि मक्केच्या हरममध्ये जनावराला हुसकावणंही मना आहे. म्हणजे हद्दीची कल्पना आपल्याला नवी नाही. नानांना ती माहीत होती. त्या रात्री त्यांनी ती पाळली नाही, इतकंच.

पुढचं सगळं लवकर झालं. कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं रान असलेलं दाजीपूर १९५८ सालीच गव्यांसाठी अभयारण्य झालं होतं. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि गवा पुढे त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. कंपन्यांचे तंबू उठले, नानांसारख्यांचे परवाने संपले. कंपनीवाले दुसऱ्या धंद्यात गेले, नाना डेपोवर राहिले. त्या गोंड म्हाताऱ्याचं काय झालं, ते घरात कोणाला माहीत नाही. कंपनी आणि परवानेवाले यांच्या भांडणात कोण जिंकलं, हे मी बरीच वर्षं मनात ठरवत होते. आता वाटतं, गव्याला थोडी उसंत मिळाली हे चांगलं झालं. पण ज्याचं रान होतं त्याचा अर्ज ना १८७८ ला कुणी मागवला, ना १९७२ ला.

९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडमध्ये एक गवा शिरला होता. आठवत असेल. लोक मोबाइल घेऊन मागे धावले, तो कंपाउंडच्या भिंतींवर आदळत राहिला. शेवटी भुलीचं इंजेक्शन दिलं आणि तो मेला. टीव्हीवर बघताना अम्मी एवढंच म्हणाली, "ये तो हाका है." परवाना कोणाकडेच नव्हता, आणि हाकारे शेकडो.

सहलीनंतरच्या सोमवारी मी वर्गात नानांच्या अर्जाची नकल घेऊन गेले. मुलांना दोन गट करायला सांगितले: एक कंपनीच्या बाजूने, एक मुनिमाच्या. दोन्हीकडून झकास भांडण झालं. तास संपताना तोच मुलगा उठला, कान्हेरीला घास अडकलेला. म्हणाला, "टीचर, तिसरा गट नाही का?"

पुढच्या सोमवारी तीन गट करणार आहे.