दरवाजाच नाही, तर फट कुठून येणार? फायबरग्लास किट कारची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे इअरफोन घरीच विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार.

आज उतरलात की एक काम करा. रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीचा दरवाजा आणि बॉडी यांच्यामधली फट बघा. चार-पाच मिलिमीटरची फट, वरपासून खालपर्यंत एकसारखी. ती सारखी असते म्हणूनच आपलं तिच्याकडे लक्ष जात नाही. जरा वाकडी असती, तर आपण लगेच म्हणालो असतो, "ही कुठेतरी ठोकलेली दिसतेय." सेकंड हँड गाडी घेताना सोबत नेलेले जाणकार काका आधी तीच बघतात.

ही सरळ फट कंपनीला फुकट मिळत नाही. पत्रा दाबायचा अवाढव्य प्रेस आणि त्याचे पोलादी साचे यांवर प्रचंड पैसा ओतावा लागतो. पण एकदा साचा बनला, की पहिला दरवाजा आणि लाखावा दरवाजा जवळजवळ जुळे भाऊ. मग ज्याच्याकडे हा पैसा नाही, त्याने स्वतःची गाडी बनवायचीच नाही का? या प्रश्नाचं उत्तर गाडीवाल्यांच्या आधी होड्या बनवणाऱ्यांना सापडलं.

काचेचे बारीक धागे कारखान्यात काढायचं तंत्र १९३० च्या दशकात अमेरिकेत बसलं. त्या धाग्यांच्या चटईवर पॉलिएस्टर रेझिन ओतायचं आणि ते कडक होऊ द्यायचं, म्हणजे झालं फायबरग्लास. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात त्याच्या होड्या बनू लागल्या. बिल ट्रिट हा तिथला एक होडीवाला. त्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासपार जी२ ही गाडीची बॉडी बाजारात आणली. चासी तुमची, इंजिन तुमचं, वरचं कवच आमचं, असा सौदा.

मग मोठेही मागे राहिले नाहीत. शेवरलेने १९५३ मध्ये कॉर्व्हेट आणली, तीही फायबरग्लासची. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या बनल्या, मिशिगनमधल्या फ्लिंट गावी, जवळजवळ हातानेच. एका बॉडीत फायबरग्लासचे ४६ तुकडे. ते घासून, चिकटवून एकमेकांशी जुळवावे लागायचे. प्रेसचा खर्च वाचला खरा, पण तो माणसांच्या मनगटावर जाऊन बसला. माझ्या मते किट कारचा सगळा इतिहास हा या एका व्यवहाराचा इतिहास आहे. वाचवलेली मेहनत गायब होत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडते.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटतं. तिथेही एकाने सोपं केलं की दुसऱ्या कोणाला तरी निस्तरावं लागतं.

आता ही मेहनत नेमकी कसली, ते बघू. रेझिन कडक होताना आकसतं. साच्यातून तुकडा लवकर काढला, तर बाहेर येऊन तो थोडा मुरडतो. चटईचे थर हाताने दिलेले, म्हणून कडेला एका ठिकाणी जाडी तीन मिलिमीटर, तर दुसरीकडे पाच. म्हणजे तुमच्या गॅरेजमध्ये आलेलं बॉनेट आणि दरवाजे हे जुळे भाऊ नसतात, चुलत भाऊ असतात.

म्हणून जुने किटवाले एकच धोशा लावतात: कुठलाही बोल्ट पक्का आवळू नका. आधी चासी सपाट जमिनीवर लेव्हल करा. चासीच पिळलेली असेल, तर वरचं काहीच जुळणार नाही. मग बॉडी नुसती ठेवा आणि जिथे टेकत नाही तिथे पातळ पट्ट्या सारा. बोल्टची भोकं जराशी मोठी पाडा आणि वर रुंद वॉशर लावा, म्हणजे सरकवायला जागा राहते. दरवाजे आधी लावा, कारण बिजागऱ्यांमुळे त्यांची जागा जवळपास ठरलेली असते. बॉनेट आणि डिकी त्यानंतर. दोन्हीकडच्या फटी मोजा, टेप लावून खुणा करा, जास्त असलेली कड घासा, कमी पडली तिथे रेझिन आणि धागे भरून वाढवा. नुसतं पुट्टी भरून भागवलं, तर गाडी खड्ड्यातून गेली की तडा जातो. घासताना तोंडाला मास्क हवाच, ती काचेची धूळ आहे! आणि गंमत म्हणजे इंजिन बसवून वजन आल्यावर हे सगळं पुन्हा एकदा तपासावं लागतं, कारण उघड्या गाडीची चासी वजनाने किंचित वाकते.

इतकी उस्तवार करून लोक हे का करत होते? ब्रिटनमध्ये उत्तर सोपं होतं, कर. तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर नाही. लोटस सेव्हनसारखी गाडी म्हणूनच किटमध्येही विकली जायची. दुसरं कारण गंजलेल्या म्हाताऱ्या फोर्ड गाड्या. वरचा पत्रा गेलेला, पण खालची चासी ठणठणीत. अ‍ॅशली, फाल्कन अशा छोट्या कंपन्या त्यावर बसतील अशी फायबरग्लासची कवचं विकायच्या. आठवडाभर नोकरी करायची आणि शनिवार-रविवारी फटी जुळवायच्या.

हा खेळ एका गोष्टीवर उभा होता: बॉडी काढली तरी खाली काहीतरी उरलं पाहिजे. १९५९ मध्ये मिनी आली. तिच्यात बॉडी हीच चासी. अशा गाडीचं कवच काढलं तर खाली बसवायला उरतं काय? जुन्या चासीच्या गाड्या कमी होत गेल्या, तशी ही कवचं विकणाऱ्यांची जमीनही सरकत गेली. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती करसवलतही संपली.

पण जगात एक लाडकी गाडी अशी उरली होती, जिची बॉडी बोल्ट काढले की तळापासून वेगळी व्हायची. फोक्सवॅगन बीटल. इथे आपल्या गोष्टीचा नायक येतो: ब्रूस मायर्स. कॅलिफोर्नियाचा माणूस. महायुद्धात नौदलात होता आणि १९४५ मध्ये बंकर हिल या विमानवाहू जहाजावर जपानी आत्मघाती हल्ला झाला, त्यातून वाचलेला. पुढे तो फायबरग्लासच्या होड्या बनवायला शिकला.

१९६४ मध्ये त्याने पहिली मायर्स मँक्स बनवली. वाळूत पळणारी, बेडकासारख्या डोळ्यांची बग्गी. सुरुवातीच्या डझनभर गाड्यांत फायबरग्लासच चासीचं काम करायचं. ते बनवायला महाग आणि किचकट होतं, म्हणून त्याने बीटलचा तळ घ्यायचं ठरवलं. तळाचा मधला सुमारे ३६ सेंटीमीटर तुकडा कापायचा, उरलेलं वेल्ड करायचं आणि वर बॉडी ठेवायची.

आता त्याची खरी हुशारी बघा. मँक्सला दरवाजे नाहीत. मडगार्ड वेगळे नाहीत, ते मुख्य तुकड्यातच ओतलेले. वेगळं म्हणावं तर बॉनेट आणि किरकोळ चार गोष्टी. पॅनेल जुळवण्याची डोकेदुखी त्याने रेखाटतानाच काढून टाकली. फटच ठेवली नाही, तर वाकडी कशी होणार? बेताच्या हत्यारांवर घरच्या गॅरेजमध्ये गाडी उभी राहू लागली. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा वाळवंटातली पहिली मेक्सिकन १००० शर्यत मँक्सनेच जिंकली. मग मागणी अशी वाढली की विचारू नका.

आणि इथेच घात झाला. जे जोडायला सोपं, ते नक्कल करायलाही सोपं! एक मँक्स विकत घ्यायची, तिला मेण चोपडायचं, वर चटई आणि रेझिन चढवायचं, की तुमचा साचा तयार. आपल्या पेणच्या गणपती कारखान्यात कोणालाही विचारा: मूर्तीवरून साचा घेतला आणि त्या साच्यातल्या मूर्तीवरून पुन्हा साचा घेतला, की बाप्पाच्या नाकाची धार थोडी जातेच. नकली मँक्सचंही तेच. पण स्वस्त होत्या, म्हणून खपल्या. शेकडो छोटे उत्पादक उभे राहिले. मायर्स पेटंट घेऊन कोर्टात गेला आणि हरला. ही कल्पना पेटंट देण्याजोगी नाही, असा निकाल लागला. त्याने पाच-सहा हजार मँक्स बनवल्या. नकला त्याच्या कितीतरी पट. थोड्याच काळात त्याला स्वतःची कंपनी सोडावी लागली.

मला इथे दोन्ही बाजू दिसतात. नकला झाल्या नसत्या तर डून बग्गी जगभर पोचली नसती. पण ज्याने होडीच्या साच्यातून हा आकार शोधला, त्याच्या हातात काय राहिलं? कोड सगळ्यांसाठी खुला करणारे निदान तसं ठरवून करतात. मायर्सला कोणी विचारलंच नाही.

शेवट अगदी कडू नाही. अनेक वर्षांनी मँक्सच्या चाहत्यांनी त्याला शोधून काढलं आणि त्याने पुन्हा किट विकायला सुरुवात केली. २०१४ मध्ये त्याची पहिली लाल बग्गी, ओल्ड रेड, अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली. २०२१ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी तो वारला.

आपल्याकडेही हा धागा आहे. बंगळुरूच्या सिपानीने १९८० च्या दशकात डॉल्फिन ही फायबरग्लास बॉडीची छोटी गाडी विकली, ब्रिटनच्या रिलायंट किटनवर आधारलेली. आणि पेण ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची फायबरग्लास रोडस्टर बनवली.

तर पुढच्या वेळी गाडीचा दरवाजा 'ठप्प' करून नीट लागला, की त्या फटीकडे एकदा बघा. ती कोणीतरी जुळवलेली असते, प्रेसने नाहीतर हाताने. तुमच्या ओळखीत कोणी घरी गाडी किंवा होडी बनवली असेल, तर मला नक्की कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यांच्याशी गप्पा मारू. भेटूया!