सेलूसचा खांदा

शिकारकथांत मारलेल्या जनावरांची मोजदाद भरपूर असते. बंदुकीनें शिकाऱ्याला दिलेल्या धक्क्यांचा हिशेब मात्र क्वचितच सांपडतो. फ्रेडरिक सेलूसनें तो प्रामाणिकपणें मांडला आहे. 1871 सालीं, वयाच्या 19 व्या वर्षीं, तो दक्षिण आफ्रिकेंत उतरला. त्याच्या हत्तीच्या बंदुका तोंडानें भरावयाच्या. गोळा पाव पौंडाचा, म्हणजे जवळजवळ दहा तोळ्यांचा, आणि बंदूक अवघी साडेबारा पौंडांची! बंदूक जितकी हलकी तितकी ती खांद्यावर वेगानें आदळते. एकदां चुकून दोनदां दारू भरली गेली. चाप ओढतांच स्वारी हवेंत उचलली जाऊन तोंडघशीं पडली. ह्या बंदुकांनीं त्यानें 78 हत्ती मारले खरे. पण त्या दणक्यांनीं आपले मज्जातंतू दुखावले व नेम कायमचा बिघडला, असें 1881 च्या ग्रंथांत तो खेदानें लिहितो. धैर्यांत तो कोणाला हार जाणारा नव्हता. तरीहि शरीरानें आपलें येणें वसूल केलेंच. पुढें धूरविरहित दारू आली. डब्ल्यू. डी. एम. बेलनें तोळ्याहूनहि किंचित् हलक्या गोळीनें शेंकडों हत्ती पाडले. त्यानें हत्तीची कवटी करवतून मेंदूची जागा आधीं पाहून ठेविली होती.