बंदुकीच्या गोळीचा साचा : एक ऐतिहासिक साधन

सोलापूरनजीक चिंचोळी एमआयडीसीत मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट ओतले जातात. एकाच नकाशाबरहुकूम असंख्य नग निघावेत व त्यांतील कोणताही नग त्या जातीच्या कोणत्याही इंजिनात बसावा, हे अशा ओतकामाचे तत्त्व होय. यंत्रयुगापूर्वीच्या बंदुकांना हे तत्त्व लागू नव्हते. हाताने घडविलेल्या दोन नळ्यांचे व्यास क्वचितच तंतोतंत जुळत. म्हणून बंदुकीसोबत तिच्याच मापाचा, सांडशीसारखा दोन पाकळ्यांचा साचा ठेवावा लागे. असे साचे आज संग्रहांत आढळतात. त्यांतील कोणता कोणत्या बंदुकीचा, हे ठरविणे केवळ हौसेचे काम नव्हे. जोडी चुकली की शस्त्राचा कालनिर्णयही चुकतो.

या कामी भाषा प्रथम आडवाट दाखविते. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’ या शब्दावरून आला. त्याचा मूळ अर्थ एक कवचीचे फळ. त्यावरून गोळी, व गोळीवरून शस्त्र. ‘बारा बोर’ या संज्ञेतही गोळीच अग्रभागी आहे : एका पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास त्यांतील एकीचा जो व्यास, सुमारे 18.5 मिलिमीटर, तोच नळीचा. अर्थात् आकडा वाढतो तशी गोळी लहान होते. 54 बोरचा व्यास सुमारे 11.2 मिलिमीटरच भरतो. शब्दांत गोळी आधी व शस्त्र नंतर. व्यवहारात मात्र नळीचे माप आधी व गोळी नंतर. शिवाय गोल गोळी कापडाच्या तुकड्यासह ठासावयाची असल्यास ती नळीहून किंचित् लहानच हवी. म्हणून साच्यावरील आकडा वाचून न थांबता पोकळी मोजली पाहिजे.

आकड्यांची पद्धतीही एकच नाही. अमेरिकेतील आयडियल कंपनीच्या साच्यांवर 311284 यांसारखे क्रमांक असत. त्यांतील पहिले तीन आकडे गोळीचा व्यास इंचाच्या सहस्रांशांत सांगतात : 0.311 इंच, म्हणजे 7.9 मिलिमीटर. या अंकांचा बोरशी काहीही संबंध नाही.

आकृतीही साक्ष देते. लांबट, तळाशी पोकळ गोळीचा साचा 1849 मधील मिनिए पद्धतीनंतरचा समजावा. 1853 च्या एन्फील्ड रायफलीची नळी 0.577 इंचाची होती. 1888 च्या ली-मेटफर्डची 0.303 इंचावर आली. वेग वाढताच उघडे शिसे नळीच्या खाचांत चिकटू लागले व गोळीवर कठीण धातूचे वेष्टन आले. वेष्टित गोळी साच्यात ओतून होत नाही. म्हणून लहान मापाचा ओतसाचा दिसताच त्याला लष्करी भरण्याचा साचा म्हणणे सयुक्तिक नाही. तो बहुधा हलक्या बाराच्या सरावाचा किंवा शिकारीचा असतो.

दरम्यान गोळी करण्याचे काम कारखान्यांकडे गेले. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 मध्ये स्थापन झाला. पुढे 1878 च्या शस्त्र कायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येत तो तयार करण्याची यंत्रसामग्री समाविष्ट केली. शिसे मात्र वगळले. राज्यसत्तेच्या दृष्टीने द्रव्यापेक्षा त्याला आकार देणारे साधन अधिक महत्त्वाचे होते. 1959 च्या कायद्यातही अशी यंत्रसामग्री व्याख्येत आहे. म्हणून संग्राहकाने परवान्याचा प्रश्न आधी पाहावा.

सारांश, साच्याची नोंद करताना पोकळीचा व्यास, आकृती, अंक व अंकांची पद्धती या चारही गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्यात. बंदूक हरवली असली, तरी तिच्या नळीचे माप साच्यात शिल्लक असते. निष्काळजी नोंदीने मात्र तेही नाहीसे होते.