आरशातली चांदणी

कागदावर दुहेरी रेषेत काढलेली पाच टोकांची चांदणी. दोन रेषांमधल्या चिंचोळ्या वाटेने पेन्सिल न्यायची. पण हात फळीआड झाकलेला, दिसतो तो फक्त समोरच्या आरशात. वळण आलं की हात हमखास भलतीकडे जातो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनिएल स्टार्च यांनी १९१० साली चुकतमाकत शिकणं दाखवण्यासाठी हा प्रयोग मांडला.

त्याचं खरं मोल कळलं ते मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांच्या हाती. १९५३ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग अपस्मारावर उपाय म्हणून काढला गेला. झटके कमी झाले, पण नव्या आठवणी साठणंच थांबलं. नुकत्याच भेटलेल्या माणसालाही तो ओळखत नसे. मॉन्ट्रियलहून आलेल्या मिलनर यांनी तीन दिवस त्याच्याकडून ही चांदणी गिरवून घेतली. चुका दिवसागणिक घटत गेल्या. आपण हे आधी केलंय, याची मात्र त्याला गंधवार्ता नव्हती.

निष्कर्ष १९६२ साली प्रसिद्ध झाले. मला मिलनर यांची प्रज्ञा दिसते ती साधनाच्या निवडीत. ‘हे कधी केलं होतंस का?’ एवढंच विचारलं असतं, तर ‘नाही’ या प्रामाणिक उत्तरावर सगळं संपलं असतं. त्यांनी हाताला विचारलं.

मनाला न कळता उरणाऱ्या अशा स्मृतीची चाहूल आधीही लागली होती. १९११ साली जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी लिहिलं होतं: हस्तांदोलन करताना त्यांनी टाचणी टोचलेल्या स्मृतिभ्रष्ट बाईने पुढच्या वेळी हात मागे घेतला, पण कारण तिला सांगता येईना. टाचणीचा तो एक प्रसंग होता. चांदणीने चुका मोजता आल्या.

‘कसं करायचं’ आणि ‘काय आहे’ या दोन ज्ञानांतला भेद तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्येच मांडला होता. स्मृतीचेही असेच दोन प्रकार वेगळे करताना संशोधक नील कोहेन आणि लॅरी स्क्वायर यांनी १९८० साली तोच आधार घेतला. त्यांचे स्मृतिभ्रष्ट रुग्ण आरशातले उलटे शब्द वाचायला शिकले होते. १९८५ मध्ये पीटर ग्राफ आणि डॅनिएल शॅक्टर यांनी नकळत राहणारी अव्यक्त आणि जाणीवपूर्वक आठवणारी व्यक्त स्मृती ही नावं रूढ केली.

चांदणी मात्र निवृत्त झाली नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्झायमरचे रुग्णही ती गिरवायला शिकले, आणि मोलेसनचा सराव जवळजवळ वर्षभरानंतरही टिकून होता.